गाडी चालू होत नाहीये? बटन दाबून सोडा आणि आधी आवाज ऐका

दुचाकी चालू झाली नाही की आपण सगळे एकच गोष्ट करतो, बटन दाबून धरतो. मग परत दाबतो. मग अजून जोरात दाबतो, जसं काही जोर लावल्यावर तिला दया येणार आहे. किकवाली असेल तर पाय भरून येईपर्यंत किक, मग चोक, मग चोक काढून किक, आणि या सगळ्या धावपळीत जी गाडी फक्त रुसलेली होती तिची बॅटरी उतरते, स्पार्क प्लग पेट्रोलने ओला होतो आणि आता एकाऐवजी तीन बिघाड झालेले असतात. मी हे सगळं करून बसलोय म्हणून सांगतोय.

त्यामुळे पहिला नियम, स्टार्टर एका वेळी ४-५ सेकंदांच्या वर दाबायचा नाही, आणि मध्ये १०-१५ सेकंद थांबायचं. स्टार्टर मोटर खूप करंट ओढते, सलग दाबून ठेवली की ती पण तापते आणि बॅटरी पण झोपते. दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग पण बदलला, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पण खोलला, वायर पण हलवली आणि गाडी चालू झाली, तर नक्की काय झालं होतं ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने परत तेच होतं.

आता हात लावायच्या आधी एकदा बटन दाबा आणि कान द्या. खरंच सांगतो, अर्धं निदान त्या आवाजात असतं.

काहीच आवाज नाही

चावी फिरवली, बटन दाबलं आणि एकदम शांतता. आधी उजव्या हँडलवरचा लाल किल स्विच बघा. हसू नका, हेल्मेट अडकवताना, जॅकेटची बाही लागून, गाडी पुसताना तो बंद होतो आणि माणूस सगळी गाडी खोलून बसतो. मग न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटलाय का बघा. पेटला नसेल तर गाडी गिअरमध्ये आहे किंवा न्यूट्रलचा स्विच गेलाय, मग साइड स्टँड वर घ्या, क्लच पूर्ण दाबा आणि परत बटन मारा.

क्लच लिव्हरच्या बुडाशी एक बारका स्विच असतो, त्याची टाचणीएवढी पिन धुळीने अडकते आणि गाडीला वाटतं की क्लच दाबलेलाच नाही. लिव्हर ४-५ वेळा जोरात दाबून सोडा, पिन हलते. साइड स्टँडच्या स्विचचं पण तसंच, तो चिखलात सगळ्यात खाली असतो बिचारा. त्यात एक गंमत अशी की काही गाड्यांमध्ये स्टँड खाली असला तर स्टार्टरच फिरत नाही आणि काहींमध्ये स्टार्टर मस्त फिरतो पण स्पार्क बंद असतो, त्यामुळे "स्टार्टर फिरतोय म्हणजे स्टँडचा प्रश्न नाही" असं धरून चालू नका.

मीटरचे दिवेसुद्धा पेटत नसतील तर मेन फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल. मेन फ्यूज बऱ्याच गाड्यांत बॅटरीजवळ स्टार्टर रिलेला (बटन दाबलं की बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा खटका) चिकटूनच असतो आणि बाजूला एक जादा फ्यूज पण ठेवलेला असतो. आतली तार तुटलीये का उजेडात धरून बघा. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका, जास्तीचा टाकू नका, आणि चांदीचा कागद गुंडाळून काम भागवायचं तर अजिबातच नको, फ्यूज वाचेल आणि वायरिंग जळेल. नवीन फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला टेकलीये. हँडल वळतं तिथली वायर आणि सीटखाली दबलेली वायर या दोन जागा आधी बघा, आणि बाहेरून काही लाइट, हॉर्न, चार्जर बसवून घेतला असेल तर संशय आधी त्याच्यावरच घ्या.

टिक टिक टिक किंवा एकच टक्

पटापट टिक टिक टिक टिक आवाज येतोय आणि मीटरचे दिवे मंद होतायत म्हणजे बॅटरी. रिलेला ओढून घेण्याइतकी ताकद आहे पण मोटर फिरवायला गेलं की व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, परत ओढतो, म्हणून ती टिकटिक. हॉर्न दाबून बघा, घसा बसल्यासारखा वाजला तर शंकाच नको.

पण बॅटरी बदलायला धावायच्या आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट पूड चढलेली असते, किंवा स्क्रू नुसता हाताने फिरतो इतका ढिला असतो. मायनसची वायर आधी काढायची, मग प्लसची, लावताना उलटं, आधी प्लस मग मायनस. कारण प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेली असली तर जी ठिणगी उडते ती बघून माणूस दोन पावलं मागे जातो. पूड गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघते, मग पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वरून थोडं व्हॅसलीन.

मल्टिमीटर असेल तर काम सोपं होतं. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. मीटर लावलेला असताना बटन दाबायला लावा कुणाला तरी, तेव्हा साडेनऊच्या खाली आकडा घसरला तर बॅटरी उभ्याउभ्या कितीही छान दिसू दे, आतून गेलेली आहे.

टिकटिक नाही, नुसता एकच जाड "टक्" आणि पुढे काही नाही, दिवे पण फारसे मंद होत नाहीत, तर रिलेचे आतले पॉइंट जळालेत, जाड वायर ढिली आहे किंवा स्टार्टर मोटरचे ब्रश संपलेत. मोटरच्या बॉडीवर पान्याच्या मुठीने हलकेच ठोकून बटन दाबा, झिजलेले ब्रश कधी कधी तेवढ्याने टेकतात आणि गाडी चालू होते. हे घरी पोचण्यापुरतं हं. ब्रश बदलावेच लागतात.

बॅटरीच उतरली असेल तर किक मारा, ज्यांना किक आहे ते सुखी. नसेल तर जंप करायचं, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून चालू करायची. प्लसला प्लस आधी, मग मदतीच्या बॅटरीचं मायनस, आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीच्या मायनसला नाही. दुसरी बॅटरी पण १२ व्होल्टचीच हवी, आणि ती कारची असेल तर कारचं इंजिन बंद ठेवा.

धक्का मारून चालू करायची असेल तर चावी आणि किल स्विच चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा, वेग आला की सीटवर धपकन वजन टाका आणि त्याच क्षणी क्लच सोडा, पकडली की लगेच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये करू नका, मागचं चाक लॉक होऊन घसरतं. फ्यूएल इंजेक्शनची गाडी असेल आणि मीटरच पेटत नसेल इतकी बॅटरी मेलेली असेल तर धक्का मारून घाम गाळू नका, पंपालाच करंट नाही तर पेट्रोल येणार कुठून. आणि गिअर नसलेल्या स्कूटरला धक्क्याचा काही उपयोगच नाही, तिचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय पकडतच नाही.

स्टार्टर जोरात फिरतोय पण गाडी पकडत नाही

आता खरा खेळ. इंजिनाला पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब लागतो, यातलं एक काहीतरी कमी आहे. कुठलं ते प्लग सांगतो, म्हणून मी तरी आता सगळ्यात आधी प्लगच काढतो.

अर्थात त्याच्या आधी पेट्रोल आहे का बघा, काट्यावर विश्वास ठेवू नका, झाकण उघडून गाडी हलवा आणि डुचमळतं का ऐका. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असेल तर चालू आहे का, रिझर्व्हला करून बघा. झाकण उघडताना "सुऽऽ" करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अशी गाडी थोडा वेळ चालते, मरते, थांबून बघितलं की परत चालू होते, आणि माणूस हैराण होतो.

प्लग काढताना इंजिन थंड हवं. आधी प्लगच्या खळग्यातली माती फुंकर मारून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लगपाना सरळ बसवा, तिरका बसला की चिनीमातीचा पांढरा भाग तडकतो. आता टोक बघा.

ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाहीये. ठिणगी नाही किंवा तुम्ही बटन आणि चोकने ओव्हरफ्लो केलीये.

अगदी कोरडा, इतक्या वेळा स्टार्टर मारूनही कोरडा, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही.

काळाकुट्ट, कोरडी काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर बघा. गाडी बरेच महिने उभी असेल तर फिल्टरचा डबा उघडाच, उंदरांना ती जागा फार आवडते, मी एकदा त्यातून मूठभर फोम आणि चिंध्या काढल्यात. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेलंय. फिकट तपकिरी असेल तर इंजिन आतून ठीक आहे.

ठिणगी बघायची कशी

प्लग त्याच्या वायरच्या टोकाच्या टोपीत बसवा, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला नीट टेकवा आणि स्टार्टर मारा. प्लगच्या छिद्रापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते आणि समोर ठिणगी, म्हणजे काय ते समजून घ्या. टोपी उघड्या हाताने धरू नका, हजारो व्होल्ट असतात, रबरी मुठीची पक्कड वापरा. आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून स्टार्टर मारू नका, करंटला जमिनीचा रस्ता मिळाला नाही की कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) किंवा सीडीआयला (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा) फटका बसू शकतो. उन्हात ठिणगी दिसत नाही, सावली करून बघा.

निळी, जाडसर, चट् चट् आवाज करणारी म्हणजे चांगली. पिवळट, केसासारखी बारीक म्हणजे कमजोर. अजिबात नाही तर आधी नवा प्लग लावून बघा, तो सगळ्यात स्वस्त संशयित. प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, बहुतेक गाड्यांचा ०.६ ते ०.९ मिलीमीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

नव्या प्लगनेही नाही आली तर माझं आवडतं ठिकाण, प्लगची टोपी. माझी एक जुनी गाडी सकाळी चालू होत नव्हती, विशेषतः रात्री पाऊस झाला की. ज्याच्याकडे नेली त्याने बॅटरी बदलली, कार्बोरेटर साफ केला, दोनदा प्लग बदलला, आणि पुढच्या पावसाला परत तेच. शेवटी वैतागून एकदा मीच बसलो आणि टोपी वायरवरून पिळून काढली, ती बऱ्याच गाड्यांत स्क्रूसारखी वायरमध्ये फिरवून बसवलेली असते. आत तांब्याच्या तारेचं टोक काळं-हिरवं होऊन भुगा झालेलं. कात्रीने वायरचं अर्धा सेंटीमीटर टोक कापलं, आतली तांबूस चमक दिसली, टोपी परत पिळून घट्ट बसवली, आणि बटनाला हात लावला न लावला तोच गाडी सुरू. पाच मिनिटांचं काम. त्या दिवसापासून मी गाडी पावसानंतर किंवा धुतल्यानंतर रुसली की पहिला हात टोपीलाच घालतो, काढायची, कोरड्या फडक्याने आतून पुसायची, फुंकायची, लावायची.

टोपी पण ठीक असेल आणि तरी ठिणगी नाही, तर पुढे कॉइल, पिकअप कॉइल, सीडीआय. गाडी थंड असताना चालते, तापली की मरते आणि अर्ध्या तासाने परत चालू होते, झाकणाचं छिद्र पण ठीक आहे, मग हमखास यातलीच एखादी कॉइल. हे तपासायला रेझिस्टन्सचे आकडे लागतात ते गाडीगणिक वेगळे, इथून पुढे अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा कुणाच्या तरी तशाच चालू गाडीचा पार्ट लावून बघणं बरं.

ठिणगी आहे, प्लग कोरडा

कार्बोरेटरची गाडी असेल तर त्याच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरा, इंजिन थंड, जवळपास कुणी सिगरेट ओढत नाही ना बघा, कॉक चालू आणि स्क्रू ढिला करा. पेट्रोल धार धरून आलं आणि येतच राहिलं तर टाकी ते कार्बोरेटर रस्ता साफ आहे. थोडं आलं आणि थांबलं तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या भागाची) पेट्रोल रोखणारी सुई अडकलीये, वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टक टक करा, सुई बऱ्याचदा सुटते. (व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येणारच नाही, त्याला प्रायमिंगचा खटका असला तर तो वापरा.) बाटलीत खाली मण्यांसारखे थेंब वेगळे लोळताना दिसले तर ते पाणी. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि जेटच्या (पेट्रोल आत सोडणारी बारीक पितळी नळी) तोंडाशी तेच येतं, मग ठिणगी कितीही छान असू दे.

गाडी काही महिने उभी असेल तर पेट्रोल शिळं होतं, वाटीत डिंकासारखा थर धरतो आणि स्लो जेटचं केसाएवढं छिद्र बुजतं. ओळखायची खूण म्हणजे चोक लावला की चालू होते आणि चोक काढला की मरते. इथे कार्बोरेटर खोलून क्लीनरचा स्प्रे मारून जेटमधून उजेड दिसेपर्यंत साफ करायचा. सुईने किंवा तारेने छिद्र कोरू नका, जेट पितळेचा असतो, छिद्र मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पीत राहते.

फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीला चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद "हूंऽऽ" असा आवाज यायला हवा, तो पंप. नाही आला तर किल स्विच, पंपाचा फ्यूज, रिले या क्रमाने बघा. गाडी पडली होती का? आडवी झाली की सेन्सर इंजिन बंद करतो आणि सरळ केली तरी चालू होऊ देत नाही, चावी पूर्ण बंद करून परत चालू करा, बहुतेक वेळा तेवढंच लागतं. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लांब, किती वेळा छोटा ते मोजून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, तो कोड असतो. चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये, किचेनला लटकवलेल्या बाकीच्या चाव्या बाजूला करून किंवा दुसरी चावी घेऊन बघा.

आणि ओव्हरफ्लो झालेली असेल तर कॉक बंद, चोक बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि ५ सेकंद स्टार्टर. भरपूर हवा जाऊन आतलं जादा पेट्रोल बाहेर पडतं. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्या पण अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा बघून पेट्रोल तोडतात, त्यामुळे तिथेही हे चालतं. नसेल जमत तर प्लग काढून पुसा, १५ मिनिटं थांबा, तोवर चहा घ्या.

सगळं आहे तरी नाही

मग दाब. किक एकदम हलकी, पोकळ लागते, किंवा स्टार्टर नेहमीपेक्षा भुर्रकन सुसाट फिरतो. प्लग काढून, प्लगचा धातू इंजिनला टेकवून, किल स्विच बंद ठेवून (बटनच चालत नसेल तर किकने) छिद्रावर अंगठा दाबून धरा, इंजिन फिरताना हवेने अंगठा उडवायला हवा. नाही उडाला तर छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघा. आता दाब वाढला तर रिंग झिजल्यात, ऑइलने तात्पुरती फट बुजली. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, आणि त्यातही आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) तपासून घ्या, कारण टॅपेटची फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि ती संपली की व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो. इंजिन खोलायची भाषा कुणी केली तर त्याला आधी टॅपेट बघितले का विचारा.

प्लग परत लावताना आधी पाना नाही, बोटांनी फिरवा, आटे सहज बसले पाहिजेत. टेकला की नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर नुसता जरासा. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की मग ती वेगळीच कहाणी.

चालू झाली की लगेच बंद करून "चला झालं" करू नका. मल्टिमीटर परत बॅटरीला लावा, थोडा अॅक्सिलरेटर द्या, आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसायला हवा. तेराच्या खालीच राहिला तर गाडी चार्जच करत नाहीये, आज चालू झाली ती उरलेल्या करंटवर, आणि पंधराच्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, तो नव्या बॅटरीला पण उकळून मारेल.